प्रश्न तुमचे : पहिली केमो सुरू होण्याआधी

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच टप्प्यावरची आहेत. निदान झालंय, केमोची तारीख मिळालीय आणि हातात आठ-दहा दिवस उरलेत. काही कामं याच दिवसांत करावी लागतात. पहिली सलाईन लागल्यावर ती करता येत नाहीत, किंवा करून फारसा उपयोग होत नाही. म्हणून उत्तरं जरा तपशिलात दिली आहेत. औषध आणि त्याची मात्रा तुमचे डॉक्टरच ठरवतील. इथले आकडे तुम्हाला त्यांच्याशी नेमकं बोलता यावं म्हणून आहेत.

पत्नीचं वय ४६. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन होऊन महिना झाला. आता आठ केमो सांगितल्या आहेत, चार 'एसी' आणि नंतर चार दुसऱ्या औषधाच्या. पहिली पुढच्या गुरुवारी आहे. ओपीडीत गर्दी इतकी होती की काही विचारायला मिळालंच नाही. आधी काय काय करून ठेवायचं? – एक वाचक, कोपरगाव

'एसी' म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड. यातल्या डॉक्सोरुबिसिनचं जुनं ब्रँडनाव अॅड्रियामायसिन, म्हणून 'ए'. हे दोन्ही एकाच दिवशी देतात आणि बहुधा दर २१ दिवसांनी. काही ठिकाणी दर १४ दिवसांनी देतात, पण मग पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन प्रत्येक वेळी घ्यावंच लागतं. 'दुसरं औषध' म्हणजे पॅक्लिटॅक्सेल की डोसिटॅक्सेल, हे आत्ताच विचारून फाइलवर लिहून घ्या. डोसिटॅक्सेल असेल तर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या आदल्या दिवसापासून घ्यायच्या असतात. त्या विसरल्या तर अंगावर सूज किंवा अॅलर्जीचा धोका वाढतो आणि त्या दिवसाची केमो पुढे ढकलली जाऊ शकते.

फाइलमध्ये रिपोर्ट कोणते आहेत ते तपासा. रक्ताचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर-किडनीच्या तपासण्या, साखर आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) हे तर हवेतच. इको यासाठी की डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाचे स्नायू अशक्त होऊ शकतात. हा परिणाम आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेशी जोडलेला असतो. चार डोसांची एकूण मात्रा नेहमी पाळल्या जाणाऱ्या मर्यादेच्या बरीच आत असते, पण हृदय आधीच कमजोर असेल तर औषधच बदलावं लागतं. दुसरी एक तपासणी राहून जाते ती हेपॅटायटिस बी ची. एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन्ही चाचण्या मागा. शरीरात झोपून राहिलेला हा विषाणू केमोमुळे जागा होतो आणि लिव्हर बिघडवतो. आधी कळलं तर रोजच्या एका गोळीने ते टाळता येतं.

उंची आणि वजन चपला काढून, नीट मोजून घ्या. केमोची मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून ठरते. उंची १५५ सेंमी आणि वजन ५८ किलो असेल तर पृष्ठभाग साधारण १.५८ चौरस मीटर येतो. डॉक्सोरुबिसिन दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम धरलं तर डोस ९५ मिलिग्रॅमच्या आसपास जातो. ऑपरेशनच्या आधीचं वजन तसंच पुढे लिहिलं गेलं आणि मधे पाच-सहा किलो उतरले असतील, तर हिशेब चुकतो.

जखम अजून पाझरत असेल किंवा काखेत पाणी साठत असेल तर ते आधीच सांगा, केमोच्या दिवशी सकाळी नको. दातांच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन या. किडलेला दात काढायचा असेल तर हिरडी भरून यायला दहा-चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस नसतील तर काढायचा की थांबायचं, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. वहिनी बीपी, थायरॉइड, साखर, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी जे काही घेत असतील त्याची नावं आणि मात्रा एका कागदावर लिहा. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्या हाताला सुई लावू देऊ नका आणि बीपीही मोजू देऊ नका. वॉर्डमध्ये दर वेळी नवी सिस्टर असते, म्हणून हे तुम्हीच सांगायचं.

आता उलटीबद्दल. 'एसी'ने उलटीचा त्रास जास्त होतो, पण आजची औषधं चांगली आहेत. बहुतेक ठिकाणी तीन-चार औषधं एकत्र देतात. त्यात अॅप्रेपिटंट (पहिल्या दिवशी १२५ मिलिग्रॅम, पुढचे दोन दिवस ८०), ऑन्डनसेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि रात्री ओलॅन्झापिन असतं. ओलॅन्झापिनने झोप येते. ते झोपताना घ्यायचं आणि रात्री बाथरूमला उठताना कोणीतरी सोबत असावं. चूक होते ती अशी : पहिल्या दिवशी काहीच होत नाही, म्हणून घरचे गोळ्या बंद करतात. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाची उशिरा येणारी मळमळ गाठते आणि एकदा ती बसली की गोळी पोटात टिकत नाही. म्हणून सगळ्या गोळ्या आदल्या दिवशीच आणून तारखेनुसार डबीत भरून ठेवा आणि लिहिल्याप्रमाणे पूर्ण करा. ऑन्डनसेट्रॉनने शौचाला घट्ट होतं. त्यासाठी लॅक्टुलोज किंवा भरपूर पाण्यासोबत इसबगोल, जे डॉक्टर सांगतील ते, पहिल्या दिवसापासून घ्या. एनिमा किंवा गुदद्वारातून द्यायचं औषध मात्र नको. तिथली नाजूक त्वचा फाटली तर जंतू थेट रक्तात शिरतात.

केमोच्या दिवशी उपाशी जायची गरज नसते. इडली, उपमा, मऊ भात असं हलकं खाऊन जा. डॉक्सोरुबिसिन लाल रंगाचं असतं. ते जाताना सुईच्या जागी आग झाली, टोचलं किंवा फुगल्यासारखं वाटलं तर त्या क्षणी सिस्टरला हाक मारा. हे औषध शिरेबाहेर गेलं तर मांस जळतं. 'थोडं दुखायचंच' असं समजून गप्प बसलेल्या रुग्णांनाच यात मोठी इजा होते. लघवी एक-दोन दिवस लालसर होईल, तो औषधाचा रंग आहे. सायक्लोफॉस्फमाइड मूत्राशयाला झोंबतं, म्हणून दोन दिवस दोन-अडीच लिटर पाणी प्यावं आणि लघवी तुंबवून ठेवू नये. मात्र हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर आधी विचारा. दोन दिवसांनंतरही लघवी लाल दिसली तर ते रक्त असू शकतं, कळवा.

केस साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जायला लागतात. आधीच बारीक कापून घेतले तर उशीवर पुंजके पाहण्याचा धक्का कमी बसतो. पण हा निर्णय वहिनींचा. त्यांना तो घ्यायला वेळ द्या.

आई ६३ वर्षांची. केमो पुण्यात होणार, पण आम्ही राहतो भोर तालुक्यातल्या एका वाडीत. डॉक्टर म्हणाले, ताप आला तर लगेच या. लगेच म्हणजे किती? रात्री ताप आला तर क्रोसिन देऊन सकाळच्या गाडीने नेलं तर चालेल का? – एक वाचक

नाही चालणार. या अंकात एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

केमोने अस्थिमज्जेतलं पेशी तयार करण्याचं काम काही दिवस मंदावतं. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान सर्वांत खाली जातात आणि पुढच्या केमोपर्यंत परत वर येतात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या, जंतूंशी लढणाऱ्या पेशी ५०० च्या खाली गेल्या तर आतड्यातले एरवीचे निरुपद्रवी जंतूही रक्तात उतरतात. पू होणं, लाल होणं, सुजणं ही कामं याच पेशींची. त्या नसल्या की जंतुसंसर्ग होऊनही बाहेर काही दिसत नाही. ताप हीच एक खूण उरते आणि क्रोसिन तीही पुसून टाकतं. सकाळपर्यंत ताप उतरलेला दिसतो, आई 'बरं वाटतंय' म्हणते आणि तोवर बीपी पडायला लागलेलं असतं.

आकडे लिहून भिंतीवर लावा. तोंडात मोजलेला ताप एकदा जरी १०१ फॅरनहाइट भरला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर निघायचं. हात लावून अंदाज नको. डिजिटल थर्मामीटर दोन घ्या, एकाचा सेल संपलेला असतो तो नेमका रात्रीच. चहा किंवा गरम पाणी पिऊन झालं असेल तर पंधरा मिनिटं थांबून मोजा. काखेत आकडा तोंडापेक्षा कमी येतो, त्यावर भरवसा ठेवून थांबू नका. सकाळ-संध्याकाळ आणि कणकण वाटेल तेव्हा मोजायचा. हुडहुडी भरली, चक्कर आली, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा आई नीट बोलेनाशी झाली तर ताप नसला तरी निघा. वयस्कर माणसांत आणि डेक्सामेथासोन चालू असताना ताप येतच नाही, असंही होतं.

रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, हे उद्दिष्ट असतं. पुण्याला पोचायला तुम्हाला किती वेळ लागतो ते तुम्हीच जाणता. म्हणून पहिल्या केमोच्या आधी एक दिवस काढून जवळच्या रुग्णालयात स्वतः जाऊन या आणि विचारा : रात्री डॉक्टर असतात का? रात्री सीबीसी होतो का? पायपेरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा सेफेपिमसारखं अँटिबायोटिक ठेवता का? उत्तर हो असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांकडून त्यांच्या नावे चिठ्ठी आणा. तिच्यात आजार, केमोची औषधं, ताप आल्यास काय द्यायचं आणि फोन कोणाला करायचा, एवढं असावं. उत्तर नाही असेल तर सरळ पुण्याचा रस्ता धरायचा, हे आत्ताच ठरलेलं राहील. गाडीवाले दोन ठरवून ठेवा, कारण एक जण लग्नाला गेलेला असू शकतो. १०८ ची रुग्णवाहिका आहेच.

अपघात विभागात शिरल्यावर पहिलं वाक्य असं बोला : 'केमो चालू आहे, आज नववा दिवस आहे आणि १०१ ताप आहे.' नुसतं 'ताप आलाय' म्हटलं की डेंगी-मलेरियाच्या रांगेत बसवतात. दंडावर किंवा कमरेवर स्नायूत इंजेक्शन घेऊ नका. प्लेटलेट कमी असतील तर आत रक्त साकळतं.

पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन सांगितलं असेल तर ते केमोच्या दिवशी घ्यायचं नसतं, किमान २४ तासांनी घ्यायचं. ते २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. पुण्याहून आणताना बर्फाला थेट चिकटू देऊ नका, गोठलं तर वाया जातं. वर्तमानपत्रात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवा. घरी फ्रिज नसेल तर मेडिकलवाल्याशी आधी बोलून ठेवा. नंतर एक-दोन दिवस कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. त्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, पण आधी ताप मोजायचा आणि मगच गोळी घ्यायची.

शिरा सापडत नाहीत म्हणून पोर्ट बसवा म्हणतात. खर्च आहे, छातीत वस्तू ठेवायची भीतीही वाटते. – एक वाचक, नाशिक

पोर्ट म्हणजे कॉलरबोनच्या खाली कातडीआड बसवलेली छोटी डबी आणि तिथून मोठ्या शिरेत गेलेली नळी. केमो चार-सहा महिने चालणार असेल, औषध शिर जाळणारं असेल आणि शिरा बारीक असतील, तर आमचं मत स्पष्टपणे पोर्टच्या बाजूचं आहे. जखम भरल्यावर आंघोळ, स्वयंपाक, प्रवास सगळं करता येतं. वापरात नसताना तो ठराविक दिवसांनी आतून धुवून घ्यावा लागतो. किती दिवसांनी, ते तुमचं रुग्णालय सांगेल. त्यासाठी नेहमीची सुई वापरू द्यायची नाही, ह्युबर नावाची वेगळी सुई लागते. दंडातून घालतात ती पिक लाइन बसवायला स्वस्त पडते, पण दर आठवड्याला ड्रेसिंग लागतं आणि ती भिजू द्यायची नसते. कोणताही पर्याय घेतला तरी हात, मान किंवा चेहरा सुजला, किंवा नळी धुतल्यावर थंडी वाजून आली, तर त्याच दिवशी दाखवा.

बहीण पूर्ण शाकाहारी, वजन ४८ किलो. नातेवाईक रोज गुळवेलीचा काढा आणि गव्हांकुराचा रस द्यायला सांगतात, वर साखर बंद करा म्हणतात. नक्की काय द्यायचं? – एक वाचक, सांगली

केमोच्या काळात किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत. ताईंना म्हणजे दिवसाला ५८ ते ७२ ग्रॅम. आपल्या नेहमीच्या पोळी-भाजी-भातात ती भरत नाहीत, मुद्दाम भरावी लागतात. चारशे मिली दूध (साधारण १३ ग्रॅम), दोन वाट्या घट्ट वरण किंवा मुगाचं कढण (१२ ते १४), शंभर ग्रॅम पनीर (१८), तीन पोळ्या (९), मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट (७) एवढं जमलं की आकडा साठच्या घरात जातो. हे तीन जेवणांत संपत नाही. दर दोन-अडीच तासांनी अर्धी वाटी, असं सहा-सात वेळा द्या. मळमळ असेल तर गरम फोडणीच्या वासाने ती वाढते. तेव्हा कोमट मेतकूट-भात, नाचणीची पेज, लिंबू पिळलेली मुगाची खिचडी चांगली.

साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो. वजन उतरणं हे केमो न झेपण्याचं एक मोठं कारण आहे. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. डेक्सामेथासोनने दोन-तीन दिवस साखर चढते, तेव्हा ग्लुकोमीटर जवळ ठेवा आणि दुपारच्या जेवणानंतरही मोजा.

काढा नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत. केमोची बरीच औषधं लिव्हरमधूनच निघतात. तिथे बिघाड झाला की तो कशामुळे झाला ते कळत नाही आणि केमो थांबते. गव्हांकुराचा रस कच्चा असतो, मातीतले जंतू त्याच्याबरोबर पोटात जातात. स्वयंपाकातली हळद चालते, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. नातेवाइकांचं प्रेम खरं आहे. त्यांना दुसरं काम द्या : रोज ताजं कढण करून आणायचं.

पाणी उकळून गार केलेलं, अन्न ताजं शिजवलेलं, फळं सोलून खायची (केळी, पपई, संत्री). उसाचा रस, कापलेली फळं, बाहेरची चटणी आणि बर्फ बंद. तोंड येऊ नये म्हणून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरायच्या. पाणी रोज नवं करायचं. अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरू नका, आग होते.

मी २४ वर्षांचा आहे. हॉजकिन लिम्फोमाचं (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचं) निदान झालंय. पुढे मूल होईल का, हे आई-बाबांसमोर डॉक्टरांना विचारता आलं नाही. – एक वाचक, रत्नागिरी

उद्याच फोन करून विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही. एबीव्हीडी या नेहमीच्या औषधांत कायमचं वंध्यत्व येण्याचा धोका कमी असतो. पण आजार दाद देत नसेल तर पुढे जास्त कडक औषधं लागू शकतात आणि तेव्हा धोका वाढतो. म्हणून पहिल्या डोसआधी वीर्याचा नमुना गोठवून ठेवावा. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या प्रजनन केंद्रात ही सोय असते. आधी दोन-तीन दिवस वीर्यस्खलन नको. एचआयव्ही आणि हेपॅटायटिसच्या रक्तचाचण्या लागतात. शक्य असेल तर एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने द्या, वेळ नसेल तर एकही उपयोगी पडतो. द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांत तो ठेवतात आणि दरवर्षी फी भरावी लागते. ती चुकली तर नमुना जाऊ शकतो, तेव्हा तारीख लिहून ठेवा. केमो सुरू झाल्यावरचा नमुना ठेवत नाहीत, कारण शुक्राणूंमधल्या जनुकांना इजा झालेली असू शकते.

मुलींना बीजांडं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात. त्यांनी निदानाच्या पहिल्या भेटीतच हा विषय काढावा. पाळीची वाट पाहायची गरज नसते.

लातूरहून मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात वडिलांना नेतोय. योजना, प्रवास, राहणं यांचं काय? – एक वाचक

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. ती कॅशलेस आहे. आधी मंजुरी आणि मग केमो, हा क्रम उलटला तर खिशातून भरलेले पैसे परत मिळवणं अवघड होतं. बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) जा. रेशनकार्ड आणि आधारवर नावाचं स्पेलिंग किंवा वय वेगळं असेल तर फाइल तिथेच अडकते. ते लातूरला असतानाच दुरुस्त करून घ्या.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र घेऊन तिकीट खिडकीवर काढायचं. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे रुग्णालयाची कागदपत्रं लागतात आणि जागा लगेच मिळेलच असं नाही. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : औषधांचा आराखडा तुम्ही ठरवून दिलात तर केमो बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात घेता येईल का? बऱ्याचदा येते. दर तीन आठवड्यांचा प्रवास वाचणं वडिलांच्या तब्येतीसाठी मोठी गोष्ट आहे.

सासूबाईंची केमो सुरू होतेय. घरात दीड वर्षाचं बाळ आणि बाथरूम एकच. बाळाला धोका आहे का? – एक वाचक, डोंबिवली

जवळ घेणं, एका ताटात जेवणं, शेजारी झोपणं यात बाळाला काही होत नाही. केमो झाल्यावर ४८ तास लघवी, शौच आणि उलटीत औषधाचा अंश असतो. तेवढे दिवस झाकण लावून दोनदा फ्लश करायचं. उलटीचं भांडं किंवा भिजलेले कपडे हातमोजे घालून हाताळायचे आणि कपडे वेगळे, दोनदा धुवायचे.

उलटा धोका जास्त आहे, बाळाकडून आजींना. बाळाला सर्दी-ताप असेल तेव्हा अंतर ठेवा. बाळाच्या लसी थांबवू नका, त्यांनी आजींचंच रक्षण होतं. मात्र तोंडातून दिलेल्या पोलिओच्या थेंबांनंतर काही आठवडे लंगोट आजींनी बदलू नये. घरात कोणालाही कांजिण्या उठल्या, तर आजींना फोड आलेत का हे बघत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, कारण प्रतिबंधक औषध लवकर दिलं तरच चालतं.